आधीचा आकडा, नंतरचा आकडा

खोली दाखवायच्या आधी घरमालकांनी मला गाव विचारलं. मी पाचोड म्हणाले. खरं तर आमची वाडी पाचोडपासून चार किलोमीटर आत आहे, पण शहरात वाडीचं नाव सांगितलं की पुढं बरंच समजावून सांगावं लागतं.

"पाचोडात कुठं?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे, वाडीवर. पश्चिमेच्या अंगाला."

"मग पाचोड कशाला सांगता? शीव ओलांडली की गाव बदलतं."

एवढं ऐकवून त्यांनी जिन्याकडं बोट केलं. बोट थरथरत होतं. मला वाटलं, माणूस संतापलाय, इथं काही आपलं जमायचं नाही. तो राग नव्हता, कंपवात होता, हे मला दोन दिवसांनी काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, सांगितलं. आणि शिवेवरून एवढं सुनावल्यावरही पुढची दोन वर्षं ते मला पाचोड म्हणूनच हाक मारत राहिले. "ए पाचोड, पाणी भरलं का?" "पाचोड, परीक्षा कधीय?" माझ्या आधी खोलीत राहणारी मुलगी कन्नड गावची म्हणून कन्नड होती, तिच्या आधीची वैजापूर. आमची नावं त्यांना ठाऊक होती की नाही, याची मला अजून खात्री नाही.

ते जमिनीची सरकारी मोजणी करणारे मोजणीदार. निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली होती. शहरातल्या आमच्या छावणी भागात सगळे त्यांना मोजणीसाहेब म्हणत, म्हणून मीही साहेब म्हणायला लागले. जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाचं नाव घ्या, साहेब त्या गावाच्या चारी बाजूंना कुठली गावं लागतात ते सांगत. माणसांची नावं मात्र विसरत. निजामाच्या वेळचे जुने कागद वाचता यावेत म्हणून ते नोकरीत असताना उर्दू शिकले होते, आणि त्याचा त्यांना त्यांच्या पगारापेक्षा जास्त अभिमान होता.

मला ते आवडायचे का, हे मला नीट सांगता येणार नाही. त्यांच्या घरात स्वस्थ बसता यायचं नाही. ते सारखे चालत असत. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना उंबऱ्यापाशी त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. या आजारात असं होतं. मेंदू पायाला सांगतो, पाय ऐकत नाही. त्यावर त्यांनी उपाय काढला होता. प्रत्येक दारासमोर खडूनं आडव्या रेघा मारून ठेवल्या होत्या. रेघ दिसली की पाय उचलला जाई. काकू रोज फरशी पुसताना त्या रेघा पुसत आणि साहेब रोज खाली बसून नव्या मारत, पट्टीनं अंतर मोजून.

आजारानं त्यांचा आवाजही बारीक केला होता. म्हणून गळ्यात शिट्टी. चहा हवा असला की एक शिट्टी, भाजीवाल्याला थांबवायला दोन. काकू म्हणायच्या, "सगळ्या जन्मात या माणसानं मला नावानं हाक मारली नाही. आता म्हातारपणी शिट्ट्या मारतोय."

आता ध्यानाचं सांगते. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की गोळ्या तर घ्यायच्याच, त्यासोबत व्यायाम करा, जमलं तर ध्यान करा, मनाला बरं वाटेल. साहेब शहरातल्या एका ध्यानवर्गाला गेले. तिथं सगळे मांडी घालून डोळे मिटून बसलेले, आणि यांची खुर्ची हाताच्या कंपानं कुरकुरतेय. तिसऱ्या दिवशी शिकवणारे म्हणाले, "काका, शरीर स्थिर ठेवा."

"स्थिर ठेवता आलं असतं तर मी हितं आलो असतो का?" साहेब म्हणाले आणि उठून घरी आले. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या पडवीत सात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. कुरकुर होऊ नये म्हणून प्रत्येक खुर्चीच्या पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधले. ज्यांचे हात थरथरतात त्यांनीच यायचं, अशी अट घातली.

माणसं आली. छावणीतून, हर्सूलहून. कुणाला मुलगा सोडायला येई, कुणाला सून. सकाळी सव्वानऊला सगळ्यांनी आपापल्या डब्यातली गोळी पाण्याबरोबर घ्यायची. दुधाबरोबर नाही, वरणाबरोबर तर मुळीच नाही, कारण त्यानं गोळीचं काम नीट होत नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. मग थांबायचं. साहेब येरझाऱ्या घालत एकेकाला विचारत, "उघडली का?" म्हणजे गोळीचा गुण आला का, अंग सुटलं का. चाळीसेक मिनिटांनी सगळ्यांची उघडली की मगच ध्यान. उशिरा आलेल्या माणसाला ते विचारत, "गोळी घेऊन आलात का नुसतेच आलात?" नुसत्याच आलेल्याला ते बसू देत नसत.

त्यांच्या ध्यानात ना देव होता ना मंत्र. अंगाची मोजणी होती. एक शिट्टी वाजली की डोळे मिटायचे. मग साहेब त्या बारीक आवाजात सुरू करत. "डाव्या पायाच्या अंगठ्यापाशी उभे राहा. हा हद्दीचा पहिला दगड. इथून निघा. घाई नको. घोट्यापाशी दुसरा दगड, थांबा. काय आहे तिथं? मुंग्या आहेत? असू द्या. ओढ आहे? असू द्या. आपण फक्त हद्द बघायला आलोय, वाद मिटवायला नाही." असं करत अख्ख्या शरीराला फेरी मारून पुन्हा अंगठ्याशी. मधेच ते उठत, खुर्च्यांमधून फिरत, कुणाच्या कानाशी वाकून म्हणत, "मन कुठं गेलं? जालन्याला? बोलवा परत."

"जालन्याला नई साहेब, चाय के पास गया," मास्टर डोळे न उघडता म्हणायचे.

मास्टर छावणीच्या बाजारातले जुने कटिंग मास्टर. फौजेतल्या लोकांचे युनिफॉर्म त्यांनी चाळीस वर्षं बेतले. आता दुकान मुलगा बघत होता आणि तो त्यांना कात्रीला हात लावू देत नव्हता. मास्टरांना आयुष्यात परत एकच गोष्ट हवी होती, कापडावर खडूची रेघ आणि हातात कात्री. गोळ्यांवर त्यांचा राग होता. गोळी घेतली की झोप यायची, दुकानात बसल्या बसल्या मान पडायची आणि मुलगा गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा, "अब्बा, घर जाके सो जाव." ते त्यांना फार लागायचं.

मी तेव्हा बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाला होते. मानसशास्त्र. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. वडील फोनवर विचारायचे, "म्हंजी येड्यायचं शिकती का तू?" मी म्हणायचे, "नाय आण्णा, शहाण्यायचं बी असतंय." त्यावर ते म्हणायचे, "लई वाचू नको. डोळं जातील." तिसऱ्या वर्षाला एक प्रकल्प करायचा होता. वर्गातल्या मुलींनी शाळा धरल्या, मोबाइलचे परिणाम धरले. माझ्या खोलीच्या खालीच सात माणसं रोज डोळे मिटून बसत होती. मी साहेबांना भीत भीत विचारलं.

ते म्हणाले, "बघून काय लिहिणार? मोजलं पाहिजे."

आणि त्यांनी मोजणी सुरू केली. कंपवातात माणसाचं अक्षर बारीक होत जातं, ओळीच्या शेवटाला तर मुंगीएवढं. म्हणून रोज ध्यानाच्या आधी एक ओळ लिहायची आणि ध्यानानंतर तीच ओळ लिहायची. नाव, गाव, तालुका. मग पट्टी ठेवून अक्षराची उंची मोजायची. मास्टर उर्दूत लिहायचे, तर त्यांचा अलिफ मोजायचा, उर्दूतलं पहिलं अक्षर, ती सरळ उभी रेघ. पट्टी धरायला साहेबांचा हात चालत नव्हता. त्यांनी ती पट्टी माझ्या हातात दिली. लाकडी होती, पितळी कडेची, त्यांच्या नोकरीतली. देताना म्हणाले, "उंची दोन खुणांच्या मधे आली तर मधलीच लिहायची. सव्वा, दीड, पावणेदोन. जवळचा आकडा शोधायचा नाही."

मी हो म्हणाले.

पहिले काही दिवस मी खरंच तसं लिहिलं. आधी चार मिलिमीटर, नंतर सव्वाचार. आधी चार, नंतर पावणेचार. काहीच ठरत नव्हतं. प्रकल्प द्यायची तारीख जवळ येत होती आणि मला रात्री झोप लागायची नाही. पण फक्त प्रकल्पासाठी केलं असं म्हटलं तर तेही खोटं होईल. मास्टर ओळ लिहून झाली की माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहायचे. त्यांचा श्वास मला मानेवर लागायचा. "बढ्या क्या, बेटी?" पट्टीवर सव्वाचार असायचं. मी म्हणायचे, "साडेचार, मास्टर." ते मागच्या मागं हसायचे. दुसऱ्या दिवशी मग सव्वाचार कसं म्हणू? काल साडेचार होतं ना. असं ते वाढत गेलं. नंतरचा आकडा मी थोडा वर लिहायचे आणि आधीचा थोडा खाली. दोन महिन्यांत मास्टरांचा अलिफ वहीत सहापर्यंत गेला. कागदावर तो चारच्या आसपासच होता.

साहेबांनी वही कधी तपासली नाही. ते मला विचारायचे, "लिहिलं?" मी म्हणायचे, "लिहिलं."

मास्टरांनी मात्र एक दिवस वही मागून घेतली आणि सगळी पानं उलटून बघितली. आकडे त्यांना वाचता येत होते. फूट-इंचात आयुष्य गेलेला माणूस. वही परत देताना ते काहीच बोलले नाहीत. मला ते तेव्हाच विचित्र वाटायला हवं होतं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी मास्टर सकाळी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी ध्यान सुरू व्हायच्या आधी त्यांची सून धापा टाकत आली. साहेबांसमोर उभी राहून म्हणाली, "काका, अब्बा आठ दिवसांपासून गोळी घेईनात. आम्हाला माहीतच नव्हतं, इथली पण घेतल्यासारखं करून मुठीत घरी आणायचे, उशीखाली ठेवत होते. कालपासून हातपाय लाकडासारखे झालेत. उठता येईना. गोळी तोंडाजवळ नेली की तोंड मिटतात. म्हणतात, मोजणीसाहेबांच्या वहीत फरक आलाय, मेरेकू गोळी की जरूरत नई."

साहेबांनी सुनेला आधी डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या अशा एकदम बंद करणं धोक्याचं असतं, ताप आहे का बघा, गिळता येत असेल तर ठरलेली गोळी आत्ता द्या आणि दुपारी दवाखान्यात घेऊन या. साहेबांनी ते दोनदा वदवून घेतलं. मग माझ्याकडं वळले.

"पाचोड, वही आण. ओळींचे कागदही आण."

मी दोन्ही आणलं. त्यांनी उजवा हात डाव्या हातानं धरला, पट्टी कागदावर टेकवली. पट्टी टकटक वाजत होती. मास्टरांच्या तीन-चार ओळी त्यांनी मोजल्या. प्रत्येकीला खूप वेळ लागला. पडवीतली बाकीची माणसं गप्प बसून बघत होती, आणि मला कुठंतरी पळून जावंसं वाटत होतं. मला आण्णांचा चेहरा आठवत होता, तो का, ते माहीत नाही.

"बांध कोरणारा माणूस एका दिवसात एकर खात नाही," साहेब वहीकडं बघत म्हणाले. "दरवर्षी चार बोटं. इकडून चार, तिकडून चार. शेजाऱ्याला कळत पण नाही." मग वही मिटून माझ्या हातात दिली. "चल. तूच सांगायचं."

मास्टरांचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. एरवी दहा मिनिटांचा रस्ता, आम्हाला पंचवीस लागली. साहेब दोनदा अडकले, एकदा गटाराच्या जाळीपाशी आणि एकदा कुठंही नाही, भर रस्त्यात. तिथं खडूची रेघ नव्हती. मी माझं पाऊल त्यांच्या पावलापुढं आडवं ठेवलं, ते ओलांडून ते निघाले. 

मास्टर खाटेवर होते. चेहऱ्यावरची एकही रेष हलत नव्हती. डोळे तेवढे वळले. सून म्हणाली, ताप नाही, पाणी गिळताहेत.

"क्या साहेब," मास्टर म्हणाले. आवाज खोल विहिरीतून यावा तसा. "दो-चार दिन की बात है. अंग जरा अकड्या है. अलिफ तो छे पे है."

साहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी माझ्या हातातल्या वहीकडं बघितलं. मग मला बोलावंच लागलं.

"मास्टर, अलिफ सहा नाहीये. चार आहे. पहिल्यापासून चारच आहे. मी वाढवून लिहिलं."

त्यांना कळायला वेळ लागला की कळूनही चेहरा हलत नव्हता, मला सांगता येत नाही. खोलीत शिलाई मशीन होती, तिच्यावर चादर घातलेली. मी त्या चादरीकडं बघत राहिले.

"कायकू?" ते म्हणाले.

"तुम्ही विचारायचे ना. मला नाही म्हणवत नव्हतं."

"मैं पूछ्या तो तू झूट लिखी?"

"हो."

"कापडाला कोणी असं केलं असतं," मास्टर थांबत थांबत, एकेक शब्द काढत म्हणाले, "तर मी त्याला दुकानातून काढलं असतं." मग डोळे साहेबांकडं वळले. "मतलब बैठके कुछ नई हुआ. दो महिने. मग बसायचं कशाला, साहेब? तुम्हाला तरी काय मिळालं? शांती?"

"नाही," साहेब म्हणाले. "मला एकदाही शांत वाटलं नाही."

हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. सुनेनंही मान वर केली.

"अंगठ्यापासून निघतो, घोट्यापर्यंत जातो, तिथंच चिडतो," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक होता की आम्ही सगळे वाकलो. "पण मास्टर, घरातून बाहेर पडलं की लोक माझ्या हाताकडं बघतात. दुकानदार बघतो, रिक्षावाला बघतो. बायको तर झोपेतसुद्धा बघते. पडवीत तेवढा वेळ सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात. तेवढा वेळ माझ्या हाताकडं कुणी बघत नाही. हात हलायचा तेवढा हलतो. मला तेवढंच मिळतं. मला ते पुरतं."



"आजार त्यानं हटत नाही," साहेब म्हणाले. "हटेल असं मी कधी म्हणालो? गोळीनं अंग सुटतं, मग बसता येतं. गोळी नाही तर तुम्ही त्या खुर्चीपर्यंत पण येणार नाही. झोप येत असेल तर आज डॉक्टरांना तसं सांगू. वेळ बदलतील, गोळी बदलतील. ते त्यांचं काम. आपण आपलं उशीखाली बंद करायचं नाही."

सून गोळी आणि पाणी घेऊन उभी होती. मास्टर बराच वेळ छताकडं बघत राहिले. मग त्यांनी तोंड उघडलं.

त्यानंतर आम्ही बसून राहिलो. गोळी उघडायची वाट बघत. सुनेनं चहा केला, तो निवला. साहेब उठत, दारापर्यंत जात, परत येत. मी सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. अर्धा तास झाला, काही नाही. चाळीस मिनिटं झाली, काही नाही. आठ दिवसांचा खंड पडला होता, आता गोळी लागू पडेल की नाही कुणाला ठाऊक, आणि नाही पडली तर ते माझ्यामुळं, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. तासाभरानं मास्टरांच्या डाव्या हाताचा अंगठा चादरीवर हलला. मग बोटं. सून पटकन पुढं झाली, तर त्यांनी मान हलवून तिला थांबवलं.

"उघडली का?" साहेबांनी विचारलं.

"थोडी," मास्टर म्हणाले. चेहऱ्याची एक बाजू जराशी सैल झाली होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. "साहेब, मेरा तो चार निकल्या. तुम्हारा कितना है?"

मी दचकले. साहेबांची ओळ आम्ही कधी मोजलीच नव्हती. वहीत त्यांचं पान नव्हतं. ते सगळ्यांना लिहायला लावत, स्वतः कधी लिहीत नसत, आणि हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

 साहेब खुर्चीत बसले आणि म्हणाले, "कागद दे."

त्यांनी उर्दूतच लिहिलं, मास्टरांना वाचता यावं म्हणून. नाव, गाव, तालुका. ओळ खाली खाली जात होती. खोलीतली आम्ही तिघंही त्यांच्या हाताकडं बघत होतो आणि ते लिहीत होते. त्यांच्या गावाच्या नावात एक अलिफ होता, तालुक्याच्या नावात एक. मी पहिल्यावर पट्टी ठेवली.

"शेवटचा मोज," साहेब म्हणाले. "पहिला नेहमी मोठा येतो."

मी शेवटच्यावर ठेवली. अलिफ दोनच्या खुणेच्या वर होता, अडीचला पोचत नव्हता. मी पट्टी उचलली, पुन्हा ठेवली.

"कितना?" मास्टरांनी विचारलं.

"दोन आणि अडीचच्या मधे."

"मग अडीच लिही ना, बेटी. बुजुर्ग माणूस आहे."

ते थट्टा करत होते की मला जोखत होते, कळलं नाही. साहेब खिडकीकडं बघत होते.

"सव्वादोन," मी म्हणाले, आणि नवीन पानावर सव्वादोन लिहिलं.